जपानी फरशीवरची लक्ष्मी आणि आपला कापूस

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. घाई असेल त्यांनी सेव्ह करून ठेवा. पण ज्यांच्या घरी जुन्या भिंतीला रंगीत फरश्या आहेत, त्यांनी मात्र आजच वाचा.

आपल्या आष्टी-आर्वी-कारंजा पट्ट्यात जुनी घरं पाडण्याचं काम सध्या जोरात आहे. वाटण्या झाल्या, पोरं नागपूर-पुण्याला गेली, मातीच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल यायला लागली, की घर पाडून स्लॅब टाकायचा. यात दोष द्यावा असं काही नाही. गळक्या घरात राहून इतिहास जपा असं सांगणाऱ्यानं आधी एक पावसाळा तिथं काढून दाखवावा. घर उतरवताना सागवानी खांब, चौकटी, पितळी कड्या विकल्या जातात, हेही जुनंच. नवीन काय, तर आता फरश्यांनाही गिऱ्हाईक येतंय. खालच्या शहाबादी फरशीला नाही. ओट्याच्या दर्शनी भिंतीला, देवघराच्या कोनाड्याभोवती, तुळशीवृंदावनाला ज्या सहा इंची चौकोनी, चकचकीत, फुलापानांच्या टाइल्स लावलेल्या असतात, त्यांना. गुलाबी फूल, हिरवी पानं, दुधी पांढरी जमीन. क्वचित मोर. त्याहून क्वचित लक्ष्मी, सरस्वती किंवा मुरलीवाला कृष्ण. आपल्याकडे कोणी त्यांना चिनी फरशी म्हणतं, कोणी नुसतं टाइल्स.

मागच्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या एका गावात असंच एक घर उतरत होतं. गावाचं आणि घराचं नाव मुद्दाम देत नाही. बाहेरचा खरेदीदार आला होता, पन्नास रुपये नग म्हणाला. घरच्या आजी खाटेवर बसून होत्या. म्हणाल्या, "घेऊन जाय बाप्पा, पोराले स्लॅबचे पैसे लागते. पन थे लक्ष्मी नोको नेऊ." लक्ष्मी राहिली. बाकीच्या फरश्या त्या माणसानं छिन्नी-हातोडीनं काढल्या. जवळपास निम्म्या फुटल्या. साबूत होत्या त्या पेपरात गुंडाळून नेल्या, फुटक्या तिथंच टाकल्या. ते तुकडे मी पिशवीत भरून आणले.

तुकड्याची एक गंमत असते. साबूत फरशी तुम्हाला फक्त तोंड दाखवते, फुटकी आतलं सगळं दाखवते. वरचा काचेसारखा थर किती जाड, आतली माती पांढरी की पिवळसर, मागच्या खाचा कशा. एका तुकड्याचा चुना घासून काढला तर मागे इंग्रजी अक्षरं निघाली : मेड इन जपान.

आजींना दाखवलं. "जपानची? आमी त मुंबईची म्हनत होतो."

मुंबईची म्हणणं तसं चूक नाही. माल मुंबईलाच उतरायचा. पण तो तिथं का उतरायचा आणि तिथून आपल्या गल्लीत कसा यायचा, यात मला जास्त रस आहे. कारण ही गोष्ट फरशीची कमी आणि कापसाची जास्त आहे.

आधी फरशीचं तंत्र थोडक्यात, नाहीतर पुढचं समजायचं नाही. पूर्वी टाइल ओल्या मातीची, हातानं थापून व्हायची. वाळताना वाकायची, आकसायची. १८४० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड प्रॉसर यानं पेटंट घेतलं : माती ओली घ्यायचीच नाही, जवळजवळ कोरडी भुकटी करायची आणि लोखंडी साच्यात जबरदस्त दाबानं दाबायची. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन कंपनीनं हे तंत्र उचललं. टाइल सरळ, सारख्या मापाची आणि भराभर निघू लागली. साच्यात नक्षी उठावाची असली, की रंगीत ग्लेझ खोलगट भागात साचतं आणि तिथं रंग गडद दिसतो. उंच रेषेवरून ओघळतं आणि तिथं फिकट दिसतो. आपल्या ओट्यावरचं फूल जे असं ओलं-ओलं, आत्ताच रंगवल्यासारखं वाटतं ना, ते यामुळे. या प्रकाराला मॅजोलिका म्हणतात. सिनेमात दिसणाऱ्या जुन्या बंगल्यांच्या खालच्या जमिनीवरची रंगीत नक्षी वेगळी. ती सिमेंटची फरशी, भट्टीत न भाजलेली, नुसती दाबून पाण्यात मुरवलेली. दोन्हींची लोक गल्लत करतात. विकणारे मुद्दाम करतात.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे येणारा चांगला माल बहुतेक इंग्रजी होता. मुंबईत राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली उघडलं, त्याची जमीन मिंटनच्या फरश्यांची आहे. सीएसएमटी स्टेशनच्या जुन्या इमारतीत मॉ अँड कंपनीच्या फरश्या आहेत. आपण तिथून धावत लोकल पकडतो, खाली कोण बघतं! पण इंग्रजी माल महाग. सरकारी इमारती, चर्च आणि मोठ्या शेठजींपुरता. खेड्यातल्या मालगुजाराच्या ओट्यापर्यंत टाइल पोचवली ती जपान्यांनी.

जपाननं कोरड्या भुकटीचं हे तंत्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जमवलं. मग १९१४ ला महायुद्ध लागलं, इंग्लंडचा माल आटला आणि जपानला बाजार मोकळा मिळाला. आवाजी बेटावरची डांटो कंपनी, नागोयाची साजी, फुजिमी-याकी ही त्यातली मोठी नावं. १९२० आणि १९३० च्या दशकांत त्यांच्या टाइल्स भारत, सिंगापूर, मलाया, तैवान अशा सगळीकडे गेल्या. तामिळनाडूत कारैकुडीच्या चेट्टियारांच्या हवेल्या बघा, सिंगापूरच्या चिनी व्यापाऱ्यांची घरं बघा, तीच फुलं भेटतात.

आता कापसाकडे येतो.

जपानच्या सूतगिरण्यांना स्वस्त, आखूड धाग्याचा कापूस लागायचा. तो आपल्याकडे होता. हिंगणघाटचं नाव तर कापसाच्या जातीलाच लागलेलं. पण नेणार कसा? मुंबई-जपान मार्गावर पी अँड ओ या इंग्रजी बोट कंपनीची मक्तेदारी होती आणि भाडं ती म्हणेल ते. तेव्हा जमशेटजी टाटा जपानला गेले. हेच जमशेटजी, ज्यांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस म्हणजे काय आणि भाडं म्हणजे काय, हे त्यांना आपल्या भागातूनच कळलेलं. त्यांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी बोलणी केली आणि १८९३ च्या नोव्हेंबरात हिरोशिमा मारू नावाची बोट कोबेहून मुंबईला निघाली. जपानची ही पहिली लांब पल्ल्याची नियमित बोटसेवा. पी अँड ओनं भाडं पाडून त्यांना बुडवायचा प्रयत्न केला, पण जपानी गिरणीवाले आपल्या बोटींना चिकटून राहिले.

पुढच्या तीस वर्षांत जपान हा भारताच्या कच्च्या कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला. तोयो मेन्का, गोशो, निप्पॉन मेन्का या कंपन्या मुंबईत बसल्या आणि त्यांचे खरेदीदार कापूस पिकवणाऱ्या मुलखात आत-आत फिरू लागले. आपल्या बाजूला रेल्वे १८६७ मध्येच नागपूरपर्यंत पोचली होती. आर्वी ही कापसाची नावाजलेली पेठ, पण मुख्य लाइनपासून बाजूला. तिच्यासाठी १९१७ ला पुलगाव-आर्वी नॅरोगेज झाली. लोक तिलाही शकुंतलाच म्हणत. ज्यांनी तिच्यातून प्रवास केला त्यांना आठवत असेल, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता यायचं. आम्ही पोट्टे तसंच करायचो असं सांगणारे काका आर्वीत अजून भेटतात. पण ती गाडी माणसांच्या सोयीसाठी टाकली नव्हती, गाठींसाठी टाकली होती. जिनिंगमधून निघालेल्या गाठी पुलगाव, पुलगावहून मुंबई, मुंबईहून कोबे आणि ओसाका.

बोट कापूस उतरवून परत येताना रिकामी थोडीच येणार? कापड, काचेच्या बांगड्या, काडेपेट्या, खेळणी, चिनी मातीची भांडी, आणि त्यातच या टाइल्स. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून नमुन्याचं पुस्तक बघून माल मागवायचा. पेट्या मोठ्या लाइननं पुलगाव, तिथून नॅरोगेजनं आर्वी आणि पुढे बैलबंडी. ज्या रस्त्यानं कापूस गेला त्याच रस्त्यानं फूल परत आलं.

म्हणून मी या फरशीला कापसाची पावती म्हणतो. फक्त पावती कोणाच्या नावावर फाटली, हेही बघायला पाहिजे. वर्धा जिल्हा मालगुजारीचा मुलूख. मालगुजारी गेली १९५१ ला. तोवर ओटा मालगुजाराचा, देवघर मालगुजाराचं, टाइल त्याच्या घरावर. कापूस पेरला कुळानं, वेचला बायांनी, आणि त्यांच्या घराला शेणानं सारवलेली भिंत. ज्या वर्षांत हे ओटे सजत होते त्याच वर्षांत कापसाचा भाव कोसळला होता. १९३३ साली तर दोन गोष्टी एकदम झाल्या. सरकारनं इंग्लंड सोडून बाकीच्या देशांच्या सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली. ती मुख्यतः जपानसाठीच होती. जपानी गिरण्यांनी चिडून भारतीय कापूस घेणंच बंद केलं. १९३४ मध्ये दिल्लीच्या वाटाघाटींतून करार ठरला : जपाननं १५ लाख गाठी घ्यायच्या, तर ४० कोटी वार कापड भारतात आणायची परवानगी. आणि त्याच १९३३ साली मध्य प्रांतात शेतकऱ्यांची कर्जं तडजोडीनं कमी करायचा कायदा करावा लागला, इतकी माणसं सावकारात बुडाली होती. आज कापसाच्या आयातशुल्कावरून आपण भांडतो तेव्हा वाटतं, की हे काहीतरी नवीन आहे. आपल्या आजोबांचा भाव ओसाकाच्या एका बैठकीत ठरत होता आणि त्यांना त्या गावाचं नाव माहीत नव्हतं.

(कमेंटमध्ये हमीभावावर चर्चा सुरू होणार हे मला माहीत आहे. होऊ द्या. पण फरशी विसरू नका.)

आता लक्ष्मीकडे वळू. जपानमधल्या कारागिराला आपली लक्ष्मी कशी कळली? तर छापील चित्रांवरून. राजा रविवर्मा यांनी १८९४ ला मुंबईत गिरगावात छापखाना काढला. काही वर्षांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि १९०३ मध्ये फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. यंत्रं जर्मन, देव आपले. त्या चित्रांनी लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचवल्या. तीच रूपं पुढे टाइल्सवर गेली. मळवलीचा कागद वीस वर्षांत पिवळा पडायचा, वाळवी लागायची. टाइलवरची लक्ष्मी धुता येते. हा धंद्याचा विचार जपान्यांनी बरोबर ओळखला. म्हणजे चित्र केरळच्या माणसाचं, छपाई महाराष्ट्रात जर्मन यंत्रावर, फरशी जपानची, आणि हळद-कुंकू आष्टी तालुक्यातलं. हल्ली शुद्ध आणि मूळ संस्कृतीवर ज्यांची मोठमोठी भाषणं होतात त्यांनी एकदा अशा कोनाड्यापुढे उभं राहावं.

आणि हे सगळं कुठे, तर वर्धा जिल्ह्यात! जिथं परदेशी कापडाच्या होळ्या झाल्या, जिथं गांधीजी १९३६ ला सेवाग्रामला येऊन राहिले. अंगात खादी आणि ओट्यावर जपान, अशी घरं होतीच. मला यात ढोंग दिसत नाही. कापडाची चळवळ होती, टाइलची नव्हती. पण टाइलच्या धंद्यातही स्वदेशीचा विचार करणारी माणसं निघाली. १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम यांनी भारत टाइल्स सुरू केली, कारखाना उरणला. परदेशी फरशीला देशी उत्तर म्हणून सिमेंटची नक्षीदार फरशी बनवायची, हा हेतू. मुंबईच्या कितीतरी जुन्या इमारतींत त्यांची जमीन अजून पायाखाली आहे. भिंतीवरच्या चकचकीत टाइलला मात्र देशी पर्याय घरोघर पोचायला बराच वेळ लागला. एच अँड आर जॉन्सनचा भारतातला उद्योग १९५८ चा.

जपानी टाइलचा शेवटही तारखेसकट सांगता येतो. १९४१ च्या उत्तरार्धात ब्रिटिशांनी जपानशी व्यापार थांबवला, डिसेंबरात युद्धच सुरू झालं. म्हणजे आपल्या भागातल्या घरावर फुलांची जपानी मॅजोलिका असेल, तर ती भिंत बहुधा १९४१ च्या आधीची. १६ ऑगस्ट १९४२ ला नागपंचमीच्या दिवशी आष्टीत जे घडलं, ज्यामुळे आपण आजही गावाच्या नावापुढे शहीद लावतो, त्या दिवशी या फरश्या भिंतीवर होत्या. ज्या ओट्यांवर माणसं बसून बोलत होती ते ओटे हे. हुतात्मा स्मारक आपण बांधलं, ठीक केलं. पण त्या काळातलं गाव कसं दिसत होतं, हे दाखवणारी घरं एकेक करून जात आहेत आणि त्यांची यादीसुद्धा नाही. आष्टीत जुनं काय आहे असं पाहुण्यानं विचारलं, की आपण नवाबाच्या कबरी दाखवतो. मुहम्मद खान नियाझी, मृत्यू १६२७. सुंदर इमारत आहे, वादच नाही. पण १६२७ नंतर थेट १९४२, मधलं काहीच नाही, असं कसं चालेल?

चिनी हा शब्द कुठून आला, असं एका वाचकानं मागे विचारलं होतं. चकचकीत भाजलेल्या मातीला आपण चिनी म्हणतो ते फार जुनं आहे. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. त्याच्या भिंतीला निळ्या-पांढऱ्या फरश्या होत्या, म्हणून ते नाव. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबानं तिथंच कैदेत ठेवलं होतं. त्याच किल्ल्यातला पंधराव्या शतकातला चांदमिनार एकेकाळी इराणी पद्धतीच्या फरश्यांनी मढवलेला होता. पुढच्या सहलीला पोरांना घेऊन जाल तेव्हा उरलेले तुकडे शोधायला लावा.

आता गोळा करण्याबद्दल. ही हौस वाईट नाही. मुंबईच्या चोरबाजारात, कारैकुडीच्या जुन्या वस्तूंच्या गल्लीत अशा टाइल्स मांडून ठेवलेल्या असतात आणि त्या विकत घेऊन नीट जपणारी माणसं नसती, तर निम्म्याअधिक कचऱ्यात गेल्या असत्या. तैवानमध्ये चिआयी गावात काही तरुणांनी पाडल्या जाणाऱ्या घरांतून अशाच जपानी टाइल्स वर्षानुवर्षं सोडवून आणल्या आणि २०१६ मध्ये एका जुन्या लाकूड वखारीत त्यांचं संग्रहालय उघडलं. माझा राग गोळा करणाऱ्यावर नाही, बिनपत्त्याच्या फरशीवर आहे. ओट्यावरून निघालेली फरशी शहरात कोणाच्या ट्रेमध्ये किंवा फ्रेममध्ये बसते. दिसते छान. पण ती कुठल्या गावची, कुठल्या भिंतीची, वरच्या ओळीची की काठाची, शेजारी कोणती होती, हे सगळं खरेदीदाराच्या टेम्पोतच संपलेलं असतं. मग ती नुसती "व्हिंटेज" राहते. आर्वीच्या कापसाशी तिचा संबंध कोण जोडणार?

मी स्वतः साबूत फरश्या फार घेत नाही. पैसेही नाहीत आणि ठेवायला जागाही नाही. माझ्याकडे बहुतेक तुकडे आहेत आणि एक वही आहे. वहीत गाव, घराचं तोंड कुठल्या दिशेला, फरश्या कुठे होत्या, किती ओळी, मागचा शिक्का, घरच्यांनी काय सांगितलं, एवढं लिहितो. आतापर्यंत अकरा घरं झाली. सात घरांत जपानी, एकात इंग्रजी, तिघांचे शिक्के चुन्यात बुजलेले. इंग्रजी टाइलमागे आर डी नंबर असेल तर तारीख काढणं सोपं जातं, कारण नक्षीची ती क्रमांकवार नोंदणी १८८४ ला सुरू झाली. जपानीवर असं काही नसतं. तिथं कंपनीचं नाव आणि घर बांधल्याची घरच्यांची आठवण, यावरच भागवावं लागतं.

ज्यांना काढाव्याच लागणार आहेत त्यांच्यासाठी कामाचं. जुनी टाइल चुन्यात बसवलेली असेल तर ती सुटते. सिमेंटात असेल तर बहुतेक फुटते, तिथं नाद सोडा, फोटो काढा. चुना दोन-तीन दिवस पाणी मारून भिजवा, फरशीच्या कडेला छिन्नी लावू नका, मागचा चुना पातळ पात्यानं खरवडत जा. फरशीपेक्षा भिंत फुटली तर चालेल, ती नाहीतरी पाडायचीच आहे. काढण्याआधी मागच्या क्रमानं खडूनं नंबर टाका. ॲसिडनं धुऊ नका, ग्लेझ मरतं. एकावर एक थप्पी न लावता पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, मध्ये कागद. आणि जुन्या रंगीत ग्लेझमध्ये शिसं असतं, तेव्हा शोभेची फरशी म्हणून ठीक, त्यावर लोणचं वाढू नका. बाजारात नव्या बनवलेल्या "जुन्या" टाइल्सही भरपूर आहेत. मागची बाजू कोरी, कडा एकदम धारदार, शिक्का नाही आणि चुन्याचा कणही नाही, तर शंका घ्या.

कायद्याचा मुद्दा मात्र फार कमी लोकांना माहीत आहे. १९७२ चा पुरावशेष आणि कलावस्तू कायदा आहे. त्यात पुरावशेषाच्या व्याख्येत "इमारतीपासून सुटी केलेली वस्तू" असा स्पष्ट उल्लेख आहे, अट एवढीच की ती किमान १०० वर्षं जुनी असावी. पुरावशेषांचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आता हिशेब करा. आपल्याकडे टाइल्स आल्या त्या मुख्यतः १९२० आणि ३० च्या दशकांत. म्हणजे कालपर्यंत जी फरशी कायद्याच्या दृष्टीनं निव्वळ जुनी वस्तू होती, ती एकेक करून आता शंभरी ओलांडत आहे. घरमालकाला घाबरायचं कारण नाही, स्वतःच्या ओट्यावरच्या फरश्या कोणी काढून नेणार नाही. पण टेम्पो भरून नेणाऱ्याला परवान्याबद्दल विचारायचा हक्क आपल्याला आहे. मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "काय भाऊ, फुटक्या टाइलले परवाना?" आणि गाडी सुरू केली.

पोर्तुगालमध्ये तर भिंतीवरच्या टाइल्सच्या चोऱ्या इतक्या वाढल्या होत्या, की २००७ मध्ये तिथल्या पोलीस संग्रहालयानंच त्या वाचवायचा प्रकल्प हाती घेतला. चोरीला गेलेल्या टाइल्सचे फोटो जाहीर करायचे, म्हणजे विकणं अवघड होतं. साधा उपाय, पण चोऱ्या कमी झाल्या. लिस्बन शहरानं २०१३ मध्ये टाइल लावलेल्या दर्शनी भिंती पाडायला मनाई केली, २०१७ मध्ये देशभर कायदा आला. तिथली ही परंपरा आपल्या शेजारीही आहे. पणजीत मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांची १९३५ ची निळी-पांढरी टाइलचित्रं आहेत. गोव्याला गेलात तर बीचवरून अर्धा तास काढा.

आपल्याकडे कायदा वगैरे मी मागत नाही. घर पाडू नका असंही म्हणत नाही. मागणं लहान आहे. नगरपंचायतीत घर पाडायचा किंवा नवीन बांधकामाचा अर्ज येतो, तेव्हा जुन्या घराचे चार फोटो त्याच फाइलला लावायचे : दर्शनी भाग, ओटा, देवघर, आणि फरशी असेल तर तिची मागची बाजू. खर्च शून्य. मोबाइल प्रत्येकाकडे आहे. दुसरं, प्रत्येक पाडलेल्या घराची एक फरशी, फुटकी चालेल, गावात राहावी. वाचनालयात किंवा शाळेत एक काचेचं कपाट पुरे. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ पासून. चरखा, खादी, ग्रामोद्योग यांचं. तिथं जपानी टाइल कोण ठेवेल, असं मला एका गांधीवादी स्नेह्यांनी हसत विचारलं. मी म्हटलं, चरख्याशेजारीच ठेवायला पाहिजे. ग्रामोद्योग का काढावे लागले, हे त्या फरशीइतकं दुसरं काय सांगेल?

ज्यांच्या घरी अशी फरशी आहे त्यांनी इनबॉक्समध्ये फोटो पाठवा. पुढची बाजू, आणि एखादी सुटी किंवा फुटकी असेल तर मागची. सोबत गावाचं नाव आणि घर साधारण केव्हा बांधलं ते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारूनच लिहा, अंदाजे नको. मालकाचं नाव मी कुठंही छापणार नाही. जुन्या बिलांची, मुंबईच्या व्यापाऱ्याच्या पत्रांची, नमुन्याच्या पुस्तकाची एखादी प्रत कोणाच्या पेटीत निघाली, तर कृपया रद्दीत देऊ नका, मी येऊन बघून जाईन.

खरेदीदाराचा टेम्पो या आठवड्यात आर्वीकडच्या गावांत फिरतोय, असं काल दोघांनी सांगितलं.